चाकाला जागा द्या

गेल्या वर्षी मे महिन्यात, भर दुपारी, एक मुलगा माझ्या गॅरेजवर हॅचबॅक घेऊन आला. पाच-सहा महिन्यांपूर्वी त्याने बाहेरगावी कॉइलओव्हर, म्हणजे उंची आणि कडकपणा बदलता येणारे स्प्रिंग-शॉकअपचे सेट, बसवून घेतले होते. गाडी चांगली खाली बसलेली, टायर आणि मडगार्डच्या मध्ये जेमतेम दोन बोटं जातील एवढंच अंतर. उतरला आणि म्हणाला, "लई आदळूलालीय ओ गाडी. अजून मऊ करून द्या." मी बॉनेट उघडून शॉकअप मऊ-कडक करायची नॉब बघितली. ती आधीच शेवटच्या क्लिकला होती, पूर्ण मऊ. तसं सांगितल्यावर तो जरा वेळ गप्प राहिला. मग हळूच म्हणाला, "आई आता माझ्या गाडीत बसत नाही. दर गुरुवारी अक्कलकोटला जाते, पण एसटीनं. एसटी बरी म्हणते."

ते ऐकून मला फार वाईट वाटलं. मुलाची गाडी दारात उभी, आणि कंबर दुखते म्हणून त्या माउलीनं स्टँडवर ताटकळायचं. कॉइलओव्हर नीट कसे लावायचे याबद्दल आज मला जे सांगायचंय ते सगळं त्या एका गाडीत होतं, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करतो.

गाडी मी जॅकवर न उचलता पिटवर, म्हणजे खाली उतरून काम करायच्या खड्ड्यावर, घेतली. जॅकवर घेतली की चाकं लटकतात, शॉकअप लांब होतो, आणि गाडी रस्त्यावर कशी उभी असते ते दिसतच नाही. पिटमध्ये उतरून रबरी कव्हर सरकवलं आणि टॉर्च मारला. शॉकअपच्या रॉडवर एक जाड फोमचा तुकडा असतो, त्याला बंप स्टॉप म्हणतात. मोठ्या खड्ड्यात शॉकअप पूर्ण दाबला गेला तर लोखंडावर लोखंड आपटू नये म्हणून तो शेवटचा आधार. गाडी उभी असताना त्याच्याखाली चांगली तीन-चार बोटं मोकळी जागा हवी. इथे माझी करंगळीसुद्धा आत जाईना. फोमची खालची कड चिरडून तिचा भुगा झाला होता, आणि तो भुगा तेलकट रॉडला चिकटलेला. म्हणजे प्रत्येक खड्ड्याला स्प्रिंगचं काम हा फोम करत होता. नॉब कितीही मऊ करा, त्या फोमला नॉब नसते.

मी गाडी समोरून ३० मिलिमीटर आणि मागून २५ मिलिमीटर वर घेतली, बंप स्टॉप नवे टाकले, आणि नॉब आठ क्लिक कडक केली. मुलगा माझ्याकडे बघतच राहिला. मऊ करायला आलो आणि हे कडक करतायत!

आपल्या सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या यात्रेत संक्रांतीला सात नंदीध्वज निघतात. बाराबंदी घातलेला माणूस ती उंच काठी कमरेच्या आधाराने पेलून गर्दीतून चालतो. पुढच्या वेळी त्याच्या गुडघ्यांकडे बघा. गुडघा कधी ताठ नसतो आणि कधी पूर्ण वाकलेलाही नसतो. रस्ता खाली गेला तर पाय लांब व्हायला जागा आहे, वर आला तर दुमडायला जागा आहे. ताठ पायाने चालला तर प्रत्येक खड्डा थेट काठीच्या टोकापर्यंत जाईल. गाडी चार इंच खाली बसवणं म्हणजे त्या माणसाला उकिडवं बसवून चालायला सांगणं.

आता स्प्रिंगचा हिशोब. एका पुढच्या चाकावर साधारण ३०० किलो भार धरू. कंपनीची स्प्रिंग समजा एक मिलिमीटर दबायला अडीच किलो घेते. मग गाडीच्या वजनानेच ती १२० मिलिमीटर दबते, आणि अशी गाडी सेकंदाला दीडेक वेळा खालीवर डोलते. तिच्या जागी पाच किलोची स्प्रिंग टाकली तर ती ६० मिलिमीटरच दबते आणि गाडी सेकंदाला दोन वेळा डोलते. घरच्या गाडीसाठी एक ते दीड हा आकडा चांगला, कारण आपण चालतो त्याच्या आसपासची ती लय आहे. बसलेल्या माणसाला सगळ्यात जास्त जाचतात ते सेकंदाला चार ते आठ वेळा येणारे उभे हादरे. त्या पट्ट्यापासून गाडी जेवढी लांब ठेवता येईल तेवढी ठेवायची. बाजारातल्या कॉइलओव्हरच्या बऱ्याच किटमध्ये सहा-आठ किलोच्या स्प्रिंग येतात. त्या ट्रॅकवर चांगल्या. अक्कलकोट रोडवर आई मागे बसणार असेल तर विकत घेतानाच विचारा, यात मऊ स्प्रिंग मिळते का. नॉबने स्प्रिंग बदलत नाही.

प्रीलोडबद्दल, म्हणजे स्प्रिंग आधीच किती आवळून ठेवायची याबद्दल, एक गैरसमज जवळजवळ प्रत्येक गॅरेजमध्ये आहे. खालची रिंग फिरवून स्प्रिंग आवळली की स्प्रिंग कडक होते, असं म्हणतात. सरळ स्प्रिंग आवळल्याने कडक होत नाही. अडीच किलोची स्प्रिंग अडीच किलोचीच राहते. काही किटमध्ये आवळल्याने गाडी वर येते, एवढंच. पण जास्त आवळलं तर चाकाला खाली जायला जागा उरत नाही आणि खड्ड्यात उतरताना वर "ठक" असा आवाज येतो. ज्या किटमध्ये खालचा ब्रॅकेट फिरवून उंची बदलता येते, तिथे उंची ब्रॅकेटनेच बदला. स्प्रिंग हाताने हलणार नाही इतपत घट्ट ठेवा आणि सोडून द्या.

नॉब काय करते? बहुतेक रस्त्यावरच्या किटमध्ये ती मुख्यतः रिबाउंड बदलते, म्हणजे दबलेली स्प्रिंग परत वर येताना तिला किती आवरायचं ते. स्प्रिंगला मोकळं सोडलं तर ती गाडीला वर फेकते, मग गाडी खाली येते, परत वर जाते. पुणे हायवे सोडून आपल्याकडच्या आतल्या रस्त्यांनी जाऊन बघा. खाली काळी माती. पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगा पडतात, आणि वरचा डांबराचा थर तिच्याबरोबर वरखाली होतो. खड्डा दिसत नाही, पण रस्त्याला लांबच लांब लाटा येतात. १५ मीटरची एक लाट ८० च्या वेगाने ओलांडली तर सेकंदाला दीड लाट होते. म्हणजे गाडीची स्वतःची जी लय, तीच रस्त्याची लय. रिबाउंड ढिला असेल तर गाडी झोक्यासारखी वाढत्या हेलकाव्यांनी डोलते आणि मागच्या सीटवर पोटात कालवायला लागतं. म्हणून मी त्या मुलाची नॉब कडक केली.

पण उलटंही होतं, आणि ते ओळखायला जास्त अवघड आहे. रिबाउंड फार कडक असेल तर चाक एका उंचवट्यावरून खाली यायच्या आत दुसरा उंचवटा येतो. शॉकअप दरवेळी थोडा थोडा दबत जातो, परत उघडत नाही, आणि पाच-सहा गचक्यांत गाडी पुन्हा त्या फोमवर जाऊन बसते. सिमेंटच्या रस्त्यावर साडेचार मीटरला सांधे असतात. ८० च्या वेगाने ते सेकंदाला पाचेक होतात, म्हणजे नेमके शरीराला जाचणाऱ्या पट्ट्यात. तिथे आवळलेली गाडी जीव नकोसा करते.

मग मधली जागा शोधायची कशी? नॉब हळूच उजवीकडे शेवटपर्यंत, म्हणजे पूर्ण कडक, फिरवा. अडली की थांबा, जोर लावू नका, आतली सुई खराब होते. तिथून मागे येत क्लिक मोजा आणि वहीत लिहा. डावीउजवी चाकं सारखीच ठेवा. एखाद्या गोलसर स्पीडब्रेकरवरून वीस-पंचवीसच्या वेगाने जा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा ब्रेकर १० सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो, तो २५ च्या वेगासाठीच आहे. ब्रेकर उतरल्यावर गाडी एकदा वर यावी, खाली जावी आणि थांबावी. दोन-तीनदा डोलली तर दोन क्लिक कडक. तेवढेच. एका वेळी एकच बदल, आणि रस्ता तोच. माझा होटगी रोडचा एक तुकडा ठरलेला आहे, तो बदलत नाही.

रॉडवर एक बारीक केबल टाय बांधून ती शॉकअपच्या तोंडापर्यंत खाली सरकवून ठेवा. फिरून आल्यावर ती वर जिथे थांबली असेल, तिथपर्यंत शॉकअप दबला होता. ती फोमला टेकलेली असेल तर उंची कमी आहे, नॉबला हात लावायची गरजच नाही.

हे सगळं करायच्या आधी टायरमधली हवा बघा. "हायवेला जायचंय, चाळीस मार" असं सांगणारे रोज भेटतात. दाराच्या पट्टीवर जो आकडा लिहिलाय तो, सकाळी, गाडी गार असताना. आणि मोठे अलॉय टाकले असतील तर हेही लक्षात घ्या की १७५/६५ आर १४ टायरची बाजूची भिंत ११४ मिलिमीटर असते, २०५/४० आर १७ ची ८२. ती कमी झालेली ३२ मिलिमीटर रबराची गादी कुठल्याही क्लिकने परत येत नाही.

आता जी गोष्ट मला सगळ्यात जास्त खटकते ती. लोअर आर्मचे, म्हणजे चाकाला खालून गाडीशी जोडणाऱ्या दांड्याचे, बुश. आत लोखंडी नळी, बाहेर लोखंडी कडं, मध्ये रबर चिकटवलेलं. बोल्ट आवळला की आतली नळी जागच्या जागी पकडली जाते. त्यानंतर आर्म हलतो तो रबराला पीळ देऊन. बहुतेक ठिकाणी गाडी जॅकवर असताना, चाकं लटकत असताना बोल्ट आवळतात, कारण तेव्हा हात नीट जातो. मग गाडी खाली उतरली की उभ्या-उभ्याच रबर पिळलेलं राहतं. ते आणखी एक स्प्रिंग बनून गाडीशी भांडत राहतं, आणि काही महिन्यांत फाटतं. त्या मुलाच्या गाडीत चारही बोल्ट असेच आवळलेले होते. मी पिटवर, गाडीचं वजन चाकांवर असताना ते ढिले केले, तेव्हा रबर सुटताना "टुक" असा आवाज आला आणि गाडी बोटभर हलली. मग गाडी दोनदा दाबून बसू दिली आणि तसेच परत आवळले. या कामाला अर्धा तास लागतो, आणि पैसे कुणी वेगळे देत नाही, पण हे करा. उंची बदलली की अलाइनमेंटही करा, नाहीतर टायर एका कडेने खाल्ला जातो. आणि फार मोठे बदल करायच्या आधी मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा, आरटीओत विचारून घ्या.

पुढची आणि मागची लय कशी जुळवायची हे मॉरिस ओली नावाच्या इंजिनिअरने शोधलं. तो रोल्स रॉइसमधून अमेरिकेत कॅडिलॅककडे गेला होता. १९३० च्या दशकात त्याने एका मोठ्या लिमोझिनवर पुढेमागे सरकवता येतील अशी वजनं लावली आणि स्वतः बसून फिरला. त्याला कळलं की मागची बाजू पुढच्यापेक्षा थोडी जलद डोलली पाहिजे. खड्ड्यात आधी पुढचं चाक पडतं, मागचं ८० च्या वेगाला सेकंदाच्या दहाव्या भागाने नंतर. मागची बाजू जरा चपळ असली तर ती पुढचीला गाठते आणि गाडी सपाट बसते, नाहीतर नाक आणि शेपूट आळीपाळीने वरखाली होतात.

हे मला त्या मुलाच्या आईने समजावलं. मी त्याला म्हटलं होतं, आईंना घेऊन ये, त्या मागे बसतील आणि मी बदल करत जाईन. त्या आल्या, पदर सावरून मागे बसल्या. पहिल्या फेरीनंतर म्हणाल्या, "आता कंबरेत दणका बसत नाही, पण ब्रेकर गेला की मागून कुणीतरी उचलून सोडल्यासारखं होतंय." मागचा रिबाउंड दोन क्लिक आवळला. दुसऱ्या फेरीला त्या खिडकीबाहेर बघत होत्या. तिसऱ्या फेरीला त्यांनी वरचं हँडल सोडलं आणि हात मांडीवर ठेवला. मी तिथेच थांबलो. वहीत लिहिलं: पुढे दहा, मागे बारा, हवा ३२, आई मागे. पुढच्या गुरुवारी त्या मुलाच्या गाडीतूनच अक्कलकोटला गेल्या.

बाहेर अंगणात एक गाडी रॅम्पवर चढवून ठेवली आहे, चाकांवर वजन आहे. कव्हर सरकवलेलं आहे. टॉर्च मी आणलाय. ज्यांना बंप स्टॉपखाली बोट घालून बघायचंय त्यांनी चला.