दुखतंय किती, हे बाळ सांगत नाही

बाहेर गोव्यातल्या सत्तरी तालुक्याचा पाऊस. ड्युटी संपलीय पण सिस्टर घरी गेल्या नाहीत, मोबाईल पाण्याच्या बाटलीला टेकवून, इअरफोन लावून बसल्यात. स्क्रीनवर वेगवेगळ्या ठिकाणच्या नर्स, आणि विषय लहान मुलांचं पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे गंभीर आजारात दुखणं आणि त्रास कमी करणारी काळजी.

हे फक्त शेवटच्या दिवसांचं काम असं बऱ्याच जणांना वाटतं, तसं नाहीय. जागतिक आरोग्य संघटना सांगते, गंभीर आजाराचं निदान झालं की तेव्हापासूनच हे सुरू करायचं, उपचार चालू ठेवून. कॅन्सर तर आहेच, पण सेरेब्रल पाल्सी, स्नायूंचे आजार, हृदयाचे जन्मजात दोष, ही मुलंही यात येतात.

आता वहीकडे बघा. बोलू न शकणाऱ्या मुलाचं दुखणं मोजायला फ्लॅक नावाची स्केल आहे, पाच गोष्टी बघायच्या, चेहरा, पाय, हालचाल, रडणं, आणि जवळ घेतल्यावर बाळ शांत होतं का, प्रत्येकाला ० ते २ मार्क, सगळे मिळून १०. शिकवणाऱ्या डॉक्टरांनी एका बाळाचा व्हिडिओ लावलाय. सिस्टरनी पायांना १ लिहिलं. व्हिडिओ परत लागला, बाळानं पाय पोटाशी घट्ट ओढून घेतलेत ते आता दिसलं, १ खोडून २ केले.

अशा वर्गांची एक पद्धत डॉ. संजीव अरोरांनी २००३ मध्ये अमेरिकेत न्यू मेक्सिकोत सुरू केली, तेव्हा ती हिपॅटायटीस सी साठी होती, नाव इको. तज्ज्ञ शहरात आणि पेशंट लांब, मग पेशंटला धावपळ करायला लावण्यापेक्षा ज्ञानच तिकडे पाठवायचं. आधी थोडं लेक्चर, मग एखादी नर्स आपली केस मांडते, मुलाचं नाव न सांगता, आणि सगळे मिळून बोलतात. इथलाही वर्ग तसाच चालतो.

आजची केस आपल्या सिस्टरांची. घरी असलेली मुलगी, मॉर्फिन हे तीव्र दुखण्यावरचं औषध चालू, पण पोट साफ होत नाही म्हणून कुंथते, आणि सवय लागेल या भीतीनं आई दोन-दोन डोस चुकवते. डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, मॉर्फिनसोबत पोट साफ व्हायचं औषध पहिल्या दिवसापासूनच हवं, आणि दुखायची वाट बघायची नाही, डोस घड्याळावर द्यायचा. आईला आधी हे समजवा." मॉर्फिन मिळणं सोपं व्हावं म्हणून २०१४ मध्ये कायदा बदलला, पण घरातली भीती कोणीतरी समोर बसूनच घालवावी लागते, आणि ते काम नर्सच करते.

मुलगी आता रात्री झोपते.

काणकोण असो की सत्तरी, आजारी लेकराला दर वेळी गाडीत घालून बांबोळीच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात न्यायचं म्हणजे त्याचेच हाल. गावातली नर्स तयार असेल तर बऱ्याच फेऱ्या वाचतात. पुढचा वर्ग भावंडांवर आहे, आजारी मुलाच्या भावाबहिणीला काय आणि कसं सांगायचं. तो रविवारी आहे, सिस्टर बसणारच आहेत, पण हे तास ड्युटीत धरा, एवढीच आमची मागणी आहे.