हँडसेट आपला, सिम आपल्या मर्जीचं

श्रोतेहो, नमस्कार.

तुमच्या घरातलं कुणी येत्या ऑगस्टमध्ये अमेरिकेला शिकायला निघालं असेल, किंवा मुलगा-सून, लेक-जावई तिकडे राहत असतील, तर आजचं बोलणं मुख्यतः तुमच्यासाठी आहे. विषय मोबाइलचा. कुठलं मॉडेल घ्यावं, कॅमेरा कसा असावा, ते मुलांना आपल्यापेक्षा जास्त कळतं. मला बोलायचंय ते फोन कुणाकडून घ्यावा यावर.

आपल्याकडे हा प्रश्न फारसा पडतच नाही. दुकानात जायचं, फोन घ्यायचा, सिम हवं त्या कंपनीचं टाकायचं. रेंज मिळेनाशी झाली की १९०० वर पोर्टचा मेसेज धाडायचा. जानेवारी २०११ पासून देशभर ही सोय आहे. नंबर तोच, फोन तोच, फक्त कंपनी बदलते.

अमेरिकेत मात्र फोन विकणारी बहुतेक वेळा सेवा देणारी कंपनीच असते. व्हेरायझन, एटी अँड टी आणि टी-मोबाइल या तीन मोठ्या. पूर्वी आपल्याकडे गॅसचं कनेक्शन घ्यायला गेलं की एजन्सीवाला 'शेगडीही आमच्याकडूनच घ्या' म्हणायचा, तसाच हा प्रकार. फरक इतकाच, की ती शेगडी दुसऱ्या कंपनीच्या सिलिंडरवरही पेटायची. हा फोन दुसऱ्या कंपनीच्या सिमवर चालत नाही, कंपनीनं तो 'लॉक' केलेला असतो.

हिशेब बघा. २०१२ साली आयफोन ५ आला. दोन वर्षांचा करार केला तर तो १९९ डॉलरला मिळायचा, कराराशिवाय ६४९ डॉलरला. मधले ४५० डॉलर कंपनीनं सोडून दिले होते का? मुळीच नाही. ते महिन्याच्या बिलात मिसळलेले असत. त्यातही खटकणारी गोष्ट ही, की दोन वर्षं संपून फोन पुरता फिटला, तरी पुष्कळ ग्राहकांचं बिल तेवढंच येत राही. फोनचे किती आणि बोलण्याचे किती हे बिलावर वेगळं लिहिलेलंच नसे, मग कमी करा म्हणून मागणार तरी कसं? २०१३ मध्ये टी-मोबाइलनं ही करारपद्धत बंद केली आणि फोनचा हप्ता वेगळा दाखवायला सुरुवात केली. पुढच्या दोन-तीन वर्षांत इतरांनाही त्या वाटेनं जावं लागलं.

आता जाहिरात असते 'फोन फुकट'ची. फोनची किंमत समजा ८०० डॉलर. तिचे ३६ हप्ते पडतात आणि दर महिन्याला तेवढीच रक्कम बिलातून वजा होते. अट अशी, की ३६ महिने त्याच कंपनीत आणि बहुतेक वेळा महागातल्या प्लॅनवरच राहायचं. विसाव्या महिन्यात नोकरीनिमित्त दुसऱ्या राज्यात गेलात, तिथं त्या कंपनीची रेंज नाही आणि कंपनी सोडलीत, तर उरलेली वजावट गेली आणि उरलेले हप्ते तुमच्या डोक्यावर. दोन वर्षांसाठी एमएस करायला गेलेल्या मुलानं तीन वर्षांची बांधिलकी का पत्करावी, हे मला कुणी पटवून दिलेलं नाही.

याच अमेरिकेनं घरच्या फोनच्या बाबतीत हे जोखड केव्हाच काढून टाकलं होतं. तिथं एके काळी घरातलं टेलिफोनचं यंत्रही बेल कंपनीच्या मालकीचं असे आणि त्याचं भाडं भरावं लागे. टेक्सासमधल्या थॉमस कार्टर यांनी टेलिफोनला वायरलेस जोडणारं एक यंत्र बनवलं होतं. कंपनीनं त्याला हरकत घेतली, प्रकरण सरकारी दूरसंचार आयोगापुढे गेलं. १९६८ मध्ये निकाल लागला, की जाळ्याला अपाय होत नसेल तर बाहेरचं यंत्र जोडायला कंपनी मनाई करू शकत नाही. बाजारातून आणलेला फोन, आन्सरिंग मशीन, पुढे मोडेम, हे सगळं घरात येऊ शकलं ते या निकालामुळे. मोबाइलला मात्र तो न्याय मिळाला नाही. उलट जानेवारी २०१३ मध्ये अशी वेळ आली, की नव्यानं घेतलेला फोन कंपनीला न विचारता अनलॉक करणं कॉपीराइट कायद्याखाली बेकायदा ठरलं. आपल्या पैशानं घेतलेल्या वस्तूचं कुलूप काढणं बेकायदा! लाखावर लोकांनी व्हाइट हाऊसकडे सह्या पाठवल्या, तेव्हा ऑगस्ट २०१४ मध्ये कायदा करून ती मोकळीक परत द्यावी लागली. कॅनडानं डिसेंबर २०१७ पासून आणि ब्रिटननं डिसेंबर २०२१ पासून कंपन्यांना लॉक केलेला फोन विकायलाच बंदी घातली. तुमचे नातेवाईक टोरांटो किंवा लंडनला असतील, तर त्यांच्या नव्या फोनची काळजी नको.

हे लॉक असतं तरी काय? प्रत्येक सिममध्ये एक पंधरा आकडी क्रमांक असतो. पहिले तीन आकडे देशाचे. भारताचे ४०४ आणि ४०५, अमेरिकेचे ३१० पासून पुढे. त्यानंतरचे आकडे कंपनीचे. लॉक असलेला फोन सुरू होताना हे आकडे वाचतो आणि परक्या कंपनीचे दिसले की सिम नाकारतो. आयफोनच्या बाबतीत ही नोंद ॲपलच्या सर्व्हरवर असते. म्हणून बाजारात कुणी 'कोड टाकून उघडून देतो' म्हणालं तर पैसे देऊ नका. सिमखाली कागदासारखी पातळ चिप बसवून फोनला फसवण्याचा उद्योगही चालतो, पण एखादा अपडेट आला की तो फोन पुन्हा बंद.

मोबाइलच्या दुकानात काउंटरवर हे नेहमी दिसतं. मुलानं नवा फोन घेतला, जुना आयफोन आईला दिला. आई तो कौतुकानं घेऊन येते. दुकानदार सिम घालतो, पडद्यावर 'सिम नॉट सपोर्टेड' असं येतं. "मावशी, फोन चांगला आहे, पण तिकडच्या कंपनीला बांधलेला आहे. मुलाला सांगा, उघडून घ्यायला." २०२२ च्या आयफोन १४ पासून तर अमेरिकेतल्या आयफोनला सिमचा ट्रेच नाही, फक्त ई-सिम, फोनच्या आतच बसवलेलं. म्हणजे चिपचा खटाटोपही शक्य नाही. लॉक असेल तर तो फोन इथं फक्त वाय-फायवरच चालणार.

शिकायला जाणाऱ्यांना हे लॉक आणखी एका ठिकाणी नडतं, आणि ते कुणी आधी सांगत नाही. इथल्या बँकेचा ओटीपी भारतातल्या नंबरवर येतो. एज्युकेशन लोनचं काम असो की वडिलांच्या जॉइंट खात्याचं, तो नंबर चालू लागतो. मोकळ्या फोनमध्ये एक सिम तिकडचं, एक इकडचं, दोन्ही सुखानं नांदतात. लॉक असलेल्या फोनमध्ये इकडचं सिम चालणारच नाही. आणि लग्नाकार्याला भारतात आल्यावर इथलं स्वस्त सिमही घालता येत नाही, रोमिंगचे दिवसाला दहा-बारा डॉलर मोजावे लागतात.

म्हणून शक्य असेल त्यानं फोन पूर्ण किंमत देऊन, कुठल्याही कंपनीशी न जोडलेला घ्यावा. तिथं ॲपलच्या किंवा गूगलच्या दुकानात तसा मिळतो. मग मोठ्या कंपन्यांचंच जाळं भाड्यानं घेऊन स्वस्तात सेवा देणाऱ्या मिंटसारख्या प्रीपेड सेवा आहेत, त्यातली परवडेल ती निवडावी. इथूनच फोन नेणार असाल तर तो मोकळा असेल, पण तिथल्या कंपन्यांच्या रेडिओ लहरींवर चालतो का ते बघा. स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबलं की फोनचा आयएमईआय नंबर, म्हणजे त्या हँडसेटचा ओळख क्रमांक, येतो. तो तिथल्या कंपनीच्या वेबसाइटवर टाकला की उत्तर मिळतं. तिथली थ्रीजी सेवा बंद झाली आहे, आणि एटी अँड टी तर स्वतःच्या यादीतल्या फोनवरूनच बोलू देते. इथं उत्तम चालणारा फोन तिथं मुका होऊ शकतो.

आपण या सगळ्यापासून कायमचे सुटलोय असं मात्र समजू नका. २००३ च्या पावसाळ्यात रिलायन्सनं ५०१ रुपये भरून फोन हातात दिला तेव्हा घराघरात मोबाइल पोचला, हे खरं. पण सीडीएमए नावाच्या तंत्रावर चालणाऱ्या त्या फोनमध्ये सिमच नव्हतं, नंबर फोनमध्येच भरलेला. कंपनी सोडायची तर फोनही सोडायचा. २०१७ मध्ये १५०० रुपये अनामत घेऊन आलेला जिओफोनही जिओच्याच सिमवर चालायचा. स्वस्तात हाती पडणाऱ्या फोनला 'दुसऱ्या कंपनीचं सिम चालेल का' हा प्रश्न पैसे देण्याआधी विचारायला हवा, आपल्या गावातसुद्धा.

आता मुलांना आज रात्री फोन केलात तर एवढं करायला सांगा. आयफोनवर सेटिंग्ज, मग जनरल, मग अबाउट. तिथं खाली 'कॅरिअर लॉक' असं दिसेल. त्यापुढे 'नो सिम रिस्ट्रिक्शन्स' असेल तर फोन मोकळा. अँड्रॉइड असेल तर मित्राचं दुसऱ्या कंपनीचं सिम घालून बघावं. लॉक निघालं, तर हप्ते फिटलेत का ते पाहून कंपनीकडे अनलॉकची विनंती करावी; पैसे फिटले की कुलूप आपोआप निघतंच असं नाही. आणि ही विनंती खातेदारानं, तिकडे खातं चालू असतानाच करावी. फोन बॅगेत भरून इकडे आल्यावर आणि खातं बंद झाल्यावर तीच गोष्ट फार जिकिरीची होते.

नमस्कार.