स्वतःचं घर, पण कोणाच्या नावावर?

नमस्कार श्रोतेहो.

आज मी मिसिसिपीबद्दल बोलणार आहे. अमेरिकेच्या दक्षिणेकडचं हे राज्य. कापसाच्या काळ्या मातीचं, आणि लोकसंख्येत कृष्णवर्णीयांचं प्रमाण देशातल्या इतर कुठल्याही राज्यापेक्षा जास्त असलेलं.

इथली सगळी कुटुंबं कमाईप्रमाणे एका रांगेत उभी करा आणि बरोब्बर मधल्या कुटुंबाला त्याचं वर्षाचं उत्पन्न विचारा. २०२३ मध्ये ते साधारण ५४ हजार डॉलर होतं. देशभरात हाच आकडा ७७ हजारांच्या पुढे होता. मिसिसिपी वर्षानुवर्षं या यादीत तळाला असतं.

आता घरांचा आकडा ऐका. अशा गरीब राज्यात १०० पैकी ७० च्या आसपास कुटुंबं स्वतःच्या घरात राहतात. श्रीमंत कॅलिफोर्नियात हे प्रमाण जेमतेम ५५ आहे. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. मग त्या घरांबद्दल वाचत गेले.

मिसिसिपीत दर सात घरांमागे साधारण एक घर कारखान्यात तयार होऊन येतं. लांबट, पातळ भिंतींचं हे घर ट्रकमागे ओढत आणतात, सिमेंटच्या ठोकळ्यांवर टेकवतात आणि दाराशी लाकडी पायऱ्या लावतात. त्याला मोबाइल होम म्हणतात, पण एकदा टेकलं की ते सहसा हलत नाही. त्यावरचं कर्ज बहुतेक वेळा घरकर्ज म्हणून मिळत नाही. गाडीसारखी वस्तू समजून जास्त व्याजाने मिळतं. आणि गाडीसारखीच त्याची किंमतही अनेकदा उतरत जाते. मोजणीत मात्र तेही ‘स्वतःचं घर’च.

दुसरी गोष्ट जमिनीची. गुलामगिरी संपल्यावर कृष्णवर्णीय कुटुंबांनी पै-पै जोडून जमिनी घेतल्या. कोर्ट गोऱ्यांचं, वकील गोरे, त्यांच्यावर विश्वास कसा ठेवायचा? मृत्युपत्रं झाली नाहीत, आणि जमीन पिढ्यानपिढ्या सगळ्या वारसांच्या सामाईक मालकीत राहिली. पुढे कापूस वेचायला यंत्रं आली. गोऱ्या मळेवाल्यांच्या शेतात वाट्याने राबणाऱ्यांचं काम गेलं. लाखो लोक आगगाडीने शिकागोकडे निघून गेले. १९४०, १९५० आणि १९६० च्या जनगणना बघा, तिन्ही वेळा लोकसंख्या २१ लाख ८० हजारांच्या आसपास. वीस वर्षं मुलं जन्मत होती आणि तितकीच माणसं जात होती. गेलेल्यांचा हिस्सा जमिनीत तसाच राहिला. घरात राहणारी, कर भरणारी, छप्पर शाकारणारी एक पुतणी, आणि मालक वीस-पंचवीस. सामाईक सातबाऱ्यावर भांडणारं घर ज्यांनी पाहिलंय, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

२९ ऑगस्ट २००५ ला कटरिना वादळ आलं. मिसिसिपीच्या किनाऱ्यावरच्या पास ख्रिश्चन गावात समुद्राचं पाणी पंचवीस फुटांहून उंच चढलं. घरं गेली. अशा सामाईक जमिनींवरचे अनेक जण मदत मागायला गेले, तेव्हा त्यांना मालकीचा कागद विचारला गेला, आणि तो त्यांच्याकडे नव्हता. आयुष्यभर ज्या घरात राहिले, ते आपलं आहे हे त्यांना सिद्ध करता येईना. मला हा अन्यायच वाटतो.

मोजणीतही हीच माणसं निसटतात. २०२० च्या जनगणनेत मिसिसिपीची लोकसंख्या २९ लाख ६१ हजार २७९ भरली. दहा वर्षांपूर्वीपेक्षा ६ हजार १८ ने कमी. ‘राज्य आटलं,’ असे मथळे आले. मग २०२२ मध्ये जनगणना खात्याने स्वतःच्या कामाची फेरतपासणी जाहीर केली. मिसिसिपीतली ४ टक्क्यांहून जास्त माणसं मोजायची राहूनच गेली होती. म्हणजे सव्वा लाखाच्या आसपास. पण अधिकृत आकडा बदलत नाही. सरकारी पैशाची वाटणी त्यावरच होत राहते.

कागदाच्या बाबतीत मात्र थोडं हललं आहे. कटरिनानंतर सोळा वर्षांनी, २०२१ मध्ये, केंद्राच्या आपत्ती खात्याने नियम सैल केला. वारसाहक्काच्या घरात राहणाऱ्याकडे दुसरा काही पुरावा नसेल, तर ‘हे घर माझं आहे’ असं त्याने स्वतः लिहून दिलेलं निवेदन आता धरलं जातं.

नमस्कार.