मगरिबनंतरची पडवी

(लघु माहितीपटाचं निवेदन)

[दृश्य : दाभोळ. वाशिष्ठीच्या मुखावर धोपाव्याहून येणारी फेरीबोट. किनाऱ्यालगत जुन्या मशिदीचा घुमट.]

दाभोळ. वाशिष्ठी इथे समुद्राला मिळते. आज या धक्क्याला फेरीबोट लागते आणि तिच्यातून मोटारसायकली, मासळीच्या टोपल्या, शाळेची पोरं उतरतात. पाचशे वर्षांपूर्वी इथून होर्मुझला, एडनला गलबतं जात. आधी बहमनी, मग आदिलशाही. दोन्ही राज्यांचं हे मोठं बंदर. १५०८ च्या डिसेंबरात पोर्तुगिजांनी ते जाळलं, तरी ते पुन्हा उभं राहिलं. अरबस्तानाशी चाललेल्या या व्यापारातून घोडे आले, खजूर आला आणि इमाम शाफईंचा पंथ, म्हणजे धर्माचे नियम समजून घेण्याची त्यांची पद्धत, तीही आली. घाटावरचे बहुतेक मुसलमान हनफी, म्हणजे इमाम अबू हनीफांच्या पंथाचे, आहेत, कोकणी मुसलमान शाफई. ही पुस्तकी माहिती वाटेल. पण थोड्या वेळाने एक आठ वर्षांचा मुलगा याच फरकावरून आईला अडवणार आहे.

[दृश्य : खाडीच्या कडेची वाडी. जांभ्याच्या चिऱ्यांचं, कौलारू घर. अंगणात माड. दिवेलागण.]

बंदरापासून आत, खाडीच्या काठी, ही वाडी. मगरिबची, म्हणजे सूर्यास्तानंतरची, नमाज झाली आहे. पडवीत चटई अंथरली जाते, कुरआन ठेवायची लाकडी रेहाल उघडून ठेवली जाते. घरातल्या दादी सांगतात, त्यांच्या लहानपणी याच वेळेला पलीकडच्या वाडीतून शुभंकरोति आणि पाढे ऐकू यायचे, आणि इकडून अलिफ, बे, ते. आता दोन्हीकडून मालिका ऐकू येतात. या घरात मात्र तासभर टीव्ही बंद असतो. मुलांनी तो चालू करायचा प्रयत्न केला नाही असं नाही.

[दृश्य : जवळून. कायद्याचं, म्हणजे अरबी अक्षरओळखीच्या पुस्तकाचं, पान. अक्षरावर टेकवलेली काडी.]

आईच्या हातात ही जी काडी आहे, तो माडाच्या झावळीचा हीर. केरसुणीतून उपसलेला नव्हे, खास या कामासाठी सोलून, धुऊन ठेवलेला. बोटाने अक्षर झाकलं जातं. हिराचं टोक अक्षराच्या पायाशी टेकतं आणि अख्खं अक्षर दिसतं. दादींनी याच पद्धतीने शिकवलं होतं. त्यांना त्यांच्या आईने.

सहा वर्षांची ही मुलगी आज एकाच अक्षरावर अडली आहे. अक्षराचं नाव ज़ाल. मराठी मुलाला यातला अर्धा रस्ता फुकट मिळतो, कारण ‘जहाज’मधला ज त्याच्या तोंडात असतोच. पण अरबीत या आवाजाच्या जवळपासची चार अक्षरं आहेत आणि चारही वेगळी. उर्दू बोलताना चारींचा उच्चार एकच होतो, कुणी हरकत घेत नाही. कुरआन पढताना ते चालत नाही. ज़ालसाठी जिभेचं टोक वरच्या पुढच्या दातांच्या कडेला लागायला हवं.

[दृश्य : मुलीचा चेहरा. आई तिच्या हनुवटीला बोट लावते. मूळ आवाज : “जीभ बाहेर. थोडी. एवढी नाही.”]

समोरचे दोन दात पडलेल्या मुलीसाठी हे किती अवघड, ते पाहून घ्या.

मग घशातली अक्षरं. ती सहा. हमजा आणि ‘हे’ घशाच्या तळाशी, ऐन आणि दुसरा, जोर देऊन काढायचा ‘हे’ मध्यावर, गैन आणि खे वर, जिभेच्या मुळाशी. ऐन शिकवताना आई मुलीचा हात स्वतःच्या गळ्यावर ठेवते आणि म्हणते, आता बघ कुठे हलतं ते. हे कुठल्याही मोबाइल ॲपला जमणार नाही. लॉकडाऊननंतर ऑनलाइन उस्ताद घराघरांत आले, त्यांच्यात चांगले आहेतच. पण त्यांचा गळा पडद्याच्या पलीकडे असतो.

[दृश्य : कपाटातून निघणारं हिरवं जुजदान, कापडी वेष्टण. त्यातून कुरआन. पान उलटतं, समासातली खूण.]

कायदा संपला की कुरआनचा पहिला सिपारा, म्हणजे भाग. काही घरांत शेवटचा, अम्म पारा, आधी घेतात, कारण त्यात छोट्या छोट्या ३७ सुरा, म्हणजे अध्याय, आहेत आणि नमाजेत बहुतेक त्याच लागतात. एकूण सिपारे ३०, सुरा ११४. पानाच्या समासात ऐन अक्षराची ही खूण दिसली की एक रुकू, म्हणजे परिच्छेद, संपला. रोजचा सबक बहुतेक या खुणेपर्यंत. कधी चार ओळीच. पाहून वाचण्याच्या या पहिल्या फेरीला नाझरा म्हणतात. ती पुरी झाली की वाडीत शिरणी वाटली जाते.

शिरणी सुरुवातीलाही वाटली होती. मूल चार वर्षं, चार महिने आणि चार दिवसांचं झालं की बिस्मिल्लाह, म्हणजे पढण्याची सुरुवात, करायची, ही आपल्याकडची जुनी रीत. धर्माने ती सक्तीची केलेली नाही, काही उलेमा, म्हणजे धर्मपंडित, तिला नुसती रूढी म्हणतात. तरी हा बघा त्या दिवसाचा घरच्या फोनवर टिपलेला तुकडा : नवा फ्रॉक, डोक्यावरून घसरणारी ओढणी, आणि समोर सूरह अलकच्या पहिल्या आयती, म्हणजे ओळी. त्यांची सुरुवात ‘इक्रा’ने होते. वाच.

[दृश्य : घरामागची पाण्याची टाकी. मुलगा वजू करतो, नमाजेआधी हातपाय धुतो.]

मुलाची नमाज गेल्या वर्षी सुरू झाली. हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचनांत, आईबापांना सांगितलं आहे की मूल सात वर्षांचं झालं की त्याला नमाजेची ताकीद द्या. त्याआधी सक्ती नाही. म्हणजे आईजवळ उभं राहायचं, तिचा जमिनीला कपाळ टेकलेला सजदा बघून सजदा करायचा, मध्येच उठून पळायचं, हे सगळं माफ.

वजू दादी शिकवतात. आधी मनात नियत. मग चेहरा, कोपरांपर्यंत हात, डोक्यावरून ओला हात, घोट्यांपर्यंत पाय, आणि हे सगळं याच क्रमाने. शाफई पंथात क्रम चुकला तर वजूच होत नाही. मुलगा घाईत पाय आधी धुतो. दादी काही बोलत नाहीत, तांब्या पुन्हा भरून पुढे करतात.

[दृश्य : पडवीतच अंथरलेला मुसल्ला, नमाजेची चटई. मुलगा हात उचलतो.]

इथे किब्ला, म्हणजे मक्केची दिशा, सांगायला होकायंत्र लागत नाही. समुद्र ज्या बाजूला, त्या बाजूला तोंड, किंचित उत्तरेकडे.

आता हात बघा. रुकूत, म्हणजे कमरेत वाकायला, जाताना त्याने हात खांद्यांपर्यंत उचलले, उठतानाही उचलले. मे महिन्याच्या सुट्टीत हा पुण्याला मामांकडे गेला होता. तिथल्या मशिदीत कोणीच असे हात उचलेनात. फातिहा, कुरआनची पहिली सुरा, संपल्यावर हा मोठ्याने ‘आमीन’ म्हणाला आणि अख्ख्या सफेत, म्हणजे रांगेत, एकटाच म्हणाला. घरी येऊन त्याने आईला विचारलं : चूक कोण, ते की आपण?

हा प्रश्न कुरआन शिकवणाऱ्या मकतबमध्ये विचारला असता तर कदाचित गप्प बसवलं असतं. आईने गप्प बसवलं नाही. तिने त्याला इमाम शाफईंची गोष्ट सांगितली.

[दृश्य : आई बोलते, मुलगा मुसल्ल्याची झालर विंचरतो. पुढचं निवेदन या दृश्यांवर.]

इमाम शाफईंचा जन्म ७६७ सालचा, गाझाचा. वडील लवकर गेले. आई पोराला घेऊन मक्केला आली. घरात पैसा नाही, उस्तादाला द्यायला काही नाही. कागद विकत घ्यायची ऐपत नव्हती म्हणून मुलगा हाडांवर लिहायचा, असं त्यांची चरित्रं सांगतात. सातव्या वर्षी कुरआन तोंडपाठ. पुढे मदिनेत ते इमाम मालिकांचे शिष्य झाले आणि बगदादेत इमाम अबू हनीफांच्या शिष्याकडूनही शिकले. म्हणजे ज्यांच्या पद्धतीने मामांच्या मशिदीत नमाज होते, त्यांच्याच परंपरेतून. चूक कोणीच नाही, आई म्हणाली. मुलाचं समाधान झालं का ते कळलं नाही. त्याने लगेच विचारलं की हाडावर शाई टिकते का.

[दृश्य : मुंबई. माहीमचा दर्गा. गर्दी.]

आईच्या हाताखाली घडलेले दुसरे आलिम, म्हणजे विद्वान, तर आपल्याच किनाऱ्याचे. मखदूम अली माहिमी, जन्म १३७२, निधन १४३१. कोकणी मुसलमान, पंथाने शाफई. त्यांनी अरबीत कुरआनचं भाष्य लिहिलं, आणि ते आजही अभ्यासलं जातं. मोठी विद्या शिकायला दूर जायचं तर आईला एकटं टाकावं लागेल, म्हणून ते गेले नाहीत, अशी आख्यायिका आहे. दुसरी आख्यायिका कोकणातल्या प्रत्येक मुसलमान मुलाने ऐकलेली असते : रात्री आईने पाणी मागितलं, आणेपर्यंत तिला झोप लागली, तर हा मुलगा पेला हातात धरून पहाटेपर्यंत उशाशी उभा. दादींनी ती सांगितली तेव्हा आमची मैत्रीण झालेली छोटी पटकन म्हणाली, पेला खाली का नाही ठेवला?

[दृश्य : फोनचा पडदा. व्हिडिओ कॉल. मागे कामगारांच्या खोलीतल्या दुमजली खाटा.]

वडील कुवेतला आहेत. इथे संध्याकाळचे सात वाजले की तिकडे साडेचार. मुलगी फोनसमोर बसून सूरह इखलास म्हणते, वडील डोळे मिटून ऐकतात. चूक ते काढत नाहीत, ते खातं आईचं. पण जुम्म्याला, सुट्टीच्या दिवशी, ते मुलाला सूरह लुकमानचा तो भाग ऐकवतात ज्यात बाप मुलाशी बोलतो : अल्लाहबरोबर कोणाला शरीक करू नकोस, नमाज कायम कर, जमिनीवर तोऱ्यात चालू नकोस, आवाज खाली ठेव, सगळ्यांत कर्कश आवाज गाढवाचा. शेवटच्या वाक्याला मुलगा दर वेळी हसतो. अरबी आयत, मग मराठीत अर्थ. मुलगा जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत आहे, त्याला उर्दू वाचता येत नाही. घरात पिढ्यान्‌पिढ्या जमवलेल्या दिनी, म्हणजे धर्माच्या, किताबा मात्र सगळ्या उर्दूत. त्या पानांपासून या मुलापर्यंतचा पूल आईबाप स्वतःच्या तोंडाने बांधतात, आणि हे काम त्यांच्याऐवजी दुसरं कोणी करील असं आम्हाला तरी दिसलं नाही.

दहावी-बारावीनंतर ही मुलं चिपळूणला, मुंबईला, पुढे आखातात जातात, आणि काहींचं पठण सुटतं.

[दृश्य : शेजारचं घर. दुपार. पडवीत सात-आठ बायका, मध्ये उघडी कुरआनच्या तर्जुम्याची, म्हणजे अनुवादाची, प्रत.]

शनिवारी दुपारी या बायका स्वतः शिकायला बसतात. एक रुकू, त्याचा उर्दू अर्थ, आणि मग चर्चा सगळी कोकणीत. आज विषय त्या हदीसचा उरलेला अर्धा भाग : मूल दहा वर्षांचं होऊनही नमाज चुकवत असेल तर मारायला सांगितलं आहे. आलिमांनी त्याला अटी घातल्या आहेत. तोंडावर नाही, इजा होईल असं नाही. मग मारायचं म्हणजे नेमकं काय? छडीच्या बाजूने कोणी बोललं नाही, निदान कॅमेऱ्यासमोर तरी.

[मूळ आवाज, एक वयस्क बाई : “माझ्या बापाने मला कधी बोट लावलं नाही. आणि माझी फजर कधी चुकली नाही. आता बोला.”]

त्यावर शेजारणीने आपल्या भावाचा दाखला दिला, तो नेमका उलटा. तिसरीने विचारलं, पोरांचं राहू दे, पहाटे नवऱ्याला कसं उठवायचं ते आधी सांगा. असरची, म्हणजे दुपार कलल्यावरची, अजान होईपर्यंत हे चाललं. निर्णय लागला नाही. पुढच्या शनिवारी तोच रुकू पुन्हा घ्यायचं ठरलं आहे.