आतून खाल्लेला टायर

हा टायर जरा जवळून बघा. बाहेरच्या कडेला नक्षी अजून नख बुडेल एवढी खोल आहे, मधे पण ठीक आहे, आणि आतल्या कडेवर हात नेला की एकदम गुळगुळीत, टक्कल पडल्यासारखं. उभं राहून बघितलं तर यातलं काहीच दिसत नाही, खाली वाकून गाडीच्या आतून हात घालावा लागतो आणि मालकाने वर्षभर तो घातला नव्हता. मालक म्हणजे मीच.

गाडी जुनी आहे, पुढे सलग सॉलिड एक्सल, लीफ स्प्रिंग, पंधरा इंची लोखंडी रिम, आणि आयुष्य सगळं दगडधोंड्यात गेलेलं. समोरून बघितल्यावर चाक उभ्या रेषेपासून जितकं कलतं तो कॅम्बर, वरची बाजू बाहेर असेल तर पॉझिटिव्ह, आत असेल तर निगेटिव्ह. आपलं डावं चाक वरून आत आलंय.

आता गोची अशी की सॉलिड एक्सलला कॅम्बर फिरवायला बोल्टच नसतो. एक्सलची टोकं ज्या कोनात बसवून आली तोच कोन कायमचा, त्यामुळे तो आपोआप बिघडत नाही, एकतर काहीतरी झिजलंय नाहीतर काहीतरी वाकलंय. मी आधी दोनदा टो, म्हणजे वरून बघितल्यावर दोन्ही चाकं पुढून एकमेकांकडे किती वळलीत ते, सेट करून घेतला, कारण ते सोपं असतं, आणि टायर तरी खातच राहिला. आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी. टोची झीज हाताला कळते खरंतर, नक्षीवरून एका दिशेने हात फिरवला तर मऊ आणि उलटा फिरवला तर करवतीसारखं टोचतं, इथे दोन्ही दिशांनी गुळगुळीत होतं, तेव्हाच कळायला हवं होतं. आणि गाडी उंच केली म्हणून कॅम्बर गेला असंही लोक म्हणतात, सॉलिड एक्सलवर उंची वाढवून कॅस्टर, म्हणजे चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे-पुढे कल, बदलतो, कॅम्बर नाही.

मोजायला मशीनच पाहिजे असं काही नाही. गवंड्याचा ओळंबा घेतला, बोनेटवरून एक पट्टी आडवी बाहेर काढून त्याला टांगला, दोरी टायरच्या फुगवट्याला लागणार नाही एवढी लांब. जमीन सपाट, दोन्हीकडे हवा सारखी, स्टिअरिंग एकदम सरळ, कारण चाक वळवलं की कॅस्टरमुळे कॅम्बर पण बदलतो आणि मग तुम्ही भलतंच काहीतरी मोजत बसता. दोरीपासून रिमच्या वरच्या कडेपर्यंत किती आणि खालच्या कडेपर्यंत किती, एवढंच बघायचं. या रिमवर साधारण 7 मिलिमीटरचा फरक म्हणजे 1 डिग्री. डावीकडे वर 86, खाली 75, म्हणजे 11 मिलिमीटर, दीड डिग्री निगेटिव्ह. उजवीकडे उलट, खालचं अंतर साडेतीन मिलिमीटरने जास्त, म्हणजे अर्धा डिग्री पॉझिटिव्ह. मग चाक अर्धा फेरा फिरवून परत मोजलं, रिमच वाकडी असेल तर आकडा बदलतो. नाही बदलला.

आता या सगळ्यातली माझी सगळ्यात आवडती टेस्ट. गाडी जॅकवर घेतली, खाली घोडी लावली, चाक घड्याळातल्या बारा आणि सहावर धरलं आणि आत-बाहेर हलवलं. टक, टक. प्ले, म्हणजे ढिलाई आहे. पण कशात? एकाला आत बसवून ब्रेक दाबून धरायला सांगितलं. ब्रेक दाबला की हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो भाग, आणि नकल, म्हणजे एक्सलच्या टोकाला चाकासकट वळणारा भाग, एकमेकांना जखडले जातात, तेव्हा प्ले पूर्ण गेला तर दोष व्हील बेअरिंगचा, आणि तरीही हलत असेल तर नकल ज्यावर वळतो ते बॉल जॉइंट, जुन्या बनावटीच्या एक्सलवर त्यांच्या जागी किंगपिन. आपला प्ले कमी झाला पण गेला नाही. म्हणजे दोन्ही.

बेअरिंग काढून बघितली, ग्रीस काळं झालेलं पण रोलर चांगले होते, नवीन ग्रीस आणि सील टाकून नट नीट कसला, गाडी खाली घेतली, थोडी मागेपुढे ढकलून स्प्रिंग बसू दिल्या, मोजलं तर 11 चे 8 झाले. वरचा बॉल जॉइंट मात्र हातातच खुळखुळत होता, वरचा-खालचा दोन्ही नवीन टाकले, 8 चे 5. एक लक्षात घ्या, बेअरिंग सैल झाली, बॉल जॉइंट झिजला किंवा उड्या मारून एक्सलचं टोक वर वाकलं, तिन्हीत चाक वरून आतच येतं, कारण जमीन चाकाला बाहेरच्या बाजूने वर रेटत असते. त्यामुळे चाक वरून बाहेर जास्तच गेलेलं दिसलं तर झीज नका शोधू, कुणी आधी काय बसवून ठेवलंय ते शोधा, नाहीतर गाडीला कधी धडक बसलीय का ते.

उरलेले 5 मिलिमीटर एक्सल ट्यूबचे. ती थोडी वाकलीय, आणि एवढ्यासाठी एक्सल बदलायची माझी तयारी नाही. इथे दोन उपाय आहेत. नकल आणि स्पिंडल, म्हणजे चाकाची बेअरिंग ज्यावर बसते तो दांडा, यांच्या मधे पाचरीसारखी चकती, म्हणजे शिम, पॉझिटिव्ह करायचं असेल तर जाड बाजू वर. पण त्यात स्पिंडल तिरकं होतं आणि आतला शाफ्ट आपल्या जागी सरळच राहतो, जास्त जाड शिम घातली तर सील आणि आतलं बेअरिंग मार खातं. म्हणून मी दुसरा घेतला, वरच्या बॉल जॉइंटची दांडी बसते तिथला स्लीव्ह, ज्याचं भोक मधोमध नसतं. हे बघा, एका बाजूला भिंत जाड, दुसरीकडे पातळ. तो असा फिरवून बसवायचा की दांडी सरळ बाहेरच्या बाजूला सरकेल, जरा जरी पुढे-मागे फिरला की कॅस्टर पण हलतो. सव्वा डिग्रीचा टाकला, डावीकडे आता अर्ध्या डिग्रीच्या आसपास पॉझिटिव्ह, उजवीसारखंच.

पुढे टॉर्शन बार किंवा कॉइलवालं इंडिपेंडंट सस्पेन्शन, म्हणजे दोन्ही चाकं आपापली वर-खाली होणारी, असेल तर हा खेळच वेगळा, तिथे आधी उंची बरोबर करायची आणि मगच आर्मच्या शिमला किंवा कॅम बोल्टला हात लावायचा.

टो सगळ्यात शेवटी, कारण कॅम्बर हलला की तो हलतोच. टाय रॉड फिरवून पुढून 2 मिलिमीटर आत ठेवला.

आणि मग नवीन टायरवर या कडेपासून त्या कडेपर्यंत खडूची जाड रेघ ओढली, हळूहळू सरळ शंभर एक फूट गाडी नेली आणि उतरून बघितलं. रेघ दोन्ही कडांना सारखीच पुसली गेली होती, मधे थोडी जास्त, म्हणजे हवा जरा जास्त झालीय.