प्रसाद घ्यायचा का, टीचर?

(दृश्य: चर्चच्या मागची खोली. सतरंजी, कोपऱ्यात पेटी, दाराबाहेर चपलांचा ढीग.)

भाद्रपदातला रविवार. उपासना संपली आहे, मोठी माणसं आवारात एकमेकांना ‘सलाम’ करत रेंगाळली आहेत. मागच्या खोलीत शब्बाथशाळा, म्हणजे मुलांचा रविवारचा धर्मशिक्षणाचा वर्ग, भरली आहे. सरकारी पाट्यांवर आता अहिल्यानगर असलं, तरी या खोलीतली माणसं अजून नगरच म्हणतात.

सुवर्णवचन, म्हणजे पाठ करायचं शास्त्रवचन, म्हणून झालं आणि नववीतल्या एका मुलीनं हात वर केला.

‘टीचर, शेजारच्या काकूंनी गणपतीचे मोदक दिले तर खायचे का? पाप लागतं का?’

मागून एक मुलगा पुटपुटला, ‘मी तर खाल्ले.’ हशा पिकला. हा मुलगा ढोल पथकात आहे, आणि पाच वाजता त्याला सरावाला जायचंय. ते टीचरना माहीत आहे. त्याच्या आईला माहीत आहे की नाही, ते आम्ही विचारलं नाही.

‘पाप लागतं.’ मराठीत दृष्ट लागते, सुतक लागतं, तसंच पापही लागतं. म्हणजे ते कुठून तरी बाहेरून येऊन चिकटतं. ख्रिस्ती घरात वाढलेल्या मुलीच्या तोंडीही हीच भाषा असणार, कारण तिची दुसरी भाषाच नाही. टीचरनी मोदकाचं उत्तर दिलंच नाही. त्यांनी हा ‘लागतं’ धरला.

(दृश्य: उघडं पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, पानाच्या कडेला पेन्सिलीच्या खुणा.)

मार्ककृत शुभवर्तमानाचा सातवा अध्याय. शिष्य हात न धुता जेवतात म्हणून परूशी, म्हणजे नियम काटेकोर पाळणारे यहूदी, येशूला जाब विचारतात. हा स्वच्छतेचा वाद नाही, शुद्धाशुद्धतेचा आहे. येशू म्हणतो, बाहेरून आत जातं त्यानं माणूस विटाळत नाही. विटाळवतं ते आतून, मनातून निघतं.

‘विटाळ’ हा शब्द या खोलीत उच्चारला की थोडी शांतता होते. या मंडळीतल्या बहुतेक घरांचे पूर्वज महारवाड्यातून, मांगवाड्यातून आले. अमेरिकन मिशननं 1831 साली नगरला ठाणं केलं, त्यानंतरच्या दोन-तीन पिढ्यांची ही गोष्ट. टीचर सांगतात, ‘आपल्या पणजोबांना पाणी वरून ओंजळीत ओतायचे. त्यांच्या हातचं कुणाला चालत नव्हतं. आता आपण दुसऱ्याच्या वाटीला विटाळ म्हणायचं?’

मुलांच्या वाट्याला हे आजही वेगळ्या रूपात येतं. शाळेत विचारतात, ‘आडनाव तर आमच्यातलंच वाटतंय, मग तू ख्रिश्चन कशी?’ जातीच्या दाखल्याच्या वेळी आणखी एक गोष्ट कळते. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा आधी फक्त हिंदूंना होता. 1956 मध्ये शिखांना आणि 1990 मध्ये बौद्धांना मिळाला. ख्रिस्ती झालेल्यांना तो अजून नाही. चर्चमध्ये शिकवतात की ख्रिस्तात यहूदी नाही, हेल्लेणी (ग्रीक) नाही, दास नाही, स्वतंत्र नाही. गाव मात्र जात विसरत नाही. पंधरा वर्षांच्या मुलानं ही दोन टोकं कशी जुळवायची? ख्रिस्ती जीवनदृष्टी शिकवायची म्हणजे नगरमध्ये आधी याला हात घालावा लागतो.

(दृश्य: रंगीत वर्कबुक. बर्फाची चित्रं.)

कपाटात दुसरंही साहित्य आहे. परदेशातून आलेलं, भाषांतर केलेलं, गुळगुळीत कागदावरचं. त्यात एक अख्खा धडा हॅलोवीनवर आहे: ख्रिस्ती मुलांनी भुतांचे मुखवटे घालावेत का? नगरच्या एकाही मुलाला हा प्रश्न पडलेला नाही. त्यांचे प्रश्न निराळे आहेत. धुळवडीला रंग खेळायचा का? मैत्रिणीच्या हळदीकुंकवाला आई जाते, पण कुंकू लावून घेत नाही, ते का? आणि मग मंगळसूत्र कसं चालतं? ते तर या मंडळीतल्या बायकांच्या गळ्यात आहेच, काळे मणी आणि खाली छोटासा क्रूस. वर्कबुकात यातलं काही नाही. त्यातली चित्रं मात्र छान आहेत, लहान मुलं ती मन लावून रंगवतात.

ही अडचण आजची नाही. थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज जेजुइट पाद्री 1579 मध्ये गोव्यात आला. तिथल्या साष्टी भागातल्या लोकांसाठी त्यानं सुमारे अकरा हजार ओव्यांचं मराठी क्रिस्तपुराण रचलं, ते 1616 मध्ये रायतूरला छापलं गेलं. ग्रंथाच्या सुरुवातीलाच ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण पाद्रींना म्हणतो: आमची जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, आता त्यांच्या जागी आम्ही काय वाचायचं? त्या ‘बंद केलीत’मागे पोर्तुगीज सत्तेचा बडगा होता, हे झाकायचं कारण नाही. पण मागणी मात्र चोख होती. आणि तिचं उत्तर ओवीत आलं.

(दृश्य: पेटीवर बोटं. मुलं गायला लागतात.)

नगरला हे उत्तर दिलं ते नारायण वामन टिळकांनी. ही गोष्ट इथल्या प्रत्येक मुलाला पाठ आहे: राजनांदगावला जाणारी आगगाडी, डब्यातला एक गोरा सहप्रवासी, त्यानं हातात ठेवलेला नवा करार. फेब्रुवारी 1895 मध्ये टिळकांचा बाप्तिस्मा झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी आणखी पाच वर्षं घेतली. त्या काळात त्या सोवळं पाळत होत्या, आणि मग हळूहळू ते सुटत गेलं. मला विचाराल, तर तरुणांना शिकवायला लक्ष्मीबाईंची ही पाच वर्षं टिळकांच्या आगगाडीपेक्षा जास्त कामाची आहेत. मन बदलायला किती वेळ लागतो, ते त्यांत दिसतं.

टिळक म्हणत की ते तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आले. त्यांनी तो पूल मागे पाडला नाही. अभंग लिहिले, कीर्तनं केली. आज नगरच्या तरुण संघाकडे गिटारही आहे आणि झांजाही आहेत. टिळकांचं पद लागलं की ढोल पथकातला तो मुलगा मांडीवर ठेका धरतो, आणि तो ठेका सरळ मिरवणुकीतला आहे.

पण मोदकाचं काय? मुलगी अजून हात खाली घेत नाही.

टीचर करिंथकरांस पहिलं पत्र काढतात. आठवा अध्याय ‘नैवेद्या’पासूनच सुरू होतो. मराठी शास्त्रात शब्दच तो आहे, त्यामुळे दोन हजार वर्षांपूर्वीचं ग्रीक शहर एकदम शेजारच्या गल्लीत येतं. करिंथात देवळातलं मांस बाजारात विकायला यायचं. ख्रिस्ती माणसानं ते घ्यावं का? हे पत्र लिहिणारा पौल म्हणतो, मूर्ती काहीच नाही, तेव्हा बाजारातलं न विचारता खा. कुणी जेवायला बोलावलं तर जा, पुढे वाढतील ते खा. पण त्या पंगतीत कुणी ‘हा नैवेद्य आहे’ असं मुद्दाम सांगितलं, तर सांगणाऱ्याच्या मनासाठी थांब. आणि तुझ्या खाण्यानं एखादा दुबळ्या मनाचा भाऊ अडखळणार असेल, तरीही थांब.

‘म्हणजे खायचे की नाही?’ मुलीला हो किंवा नाही हवंय.

सांगायला हवं, नगरमध्ये यावर एकमत नाही. काही पाळकसाहेब स्पष्ट ‘नको’ म्हणतात. काही घरांत वाटी घेतात, आभार मानतात, आणि मोदक कामवाल्या मावशींना देतात. (मावशींना कुणी विचारत नाही.) काही घरांत सरळ खातात.

मुलीनं शेवटी विचारलं, ‘टीचर, तुम्ही काय करता?’

(दृश्य: टीचरचं स्वयंपाकघर. फडताळात एक स्टीलचं ताट, मागे दुसऱ्याच घरचं नाव कोरलेलं.)

हे ताट शेजारच्या काकूंचं आहे. मोदक कुणी खाल्ले, ते टीचर कॅमेऱ्यासमोर सांगायला तयार नाहीत. ताट मात्र अजून परत गेलेलं नाही. दुसऱ्याचं ताट रिकामं पाठवायचं नसतं. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात नाताळचा फराळ होईल, तेव्हा करंज्या आणि शंकरपाळे घालून ते जाईल.

(दृश्य: दूरवर ढोलाचा आवाज. घड्याळात पाच वाजून दहा मिनिटं.)