लायनर कशानं खाल्लं ते आधी बघा

टेबलावर पोत्यावर जे मांडून ठेवलंय त्याला हात लावलात तर हात शर्टाला पुसू नका, ते डाग जात नाहीत. माझ्याच पिकअपचे मागचे ब्रेक शू आहेत, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या ड्रमला आतनं दाबणाऱ्या वाकड्या पट्ट्या, आणि त्यांच्यावर रिव्हेटनं बसवलेला झिजणारा थर म्हणजे लायनर; हे डाव्या चाकाचे आणि हे उजव्या. मागच्या खुर्चीवरून पण दिसत असेल, उजवीकडचं लायनर अजून साडेतीन-चार मिलीमीटर आहे आणि डावीकडचं पार रिव्हेटला टेकलंय, रिव्हेट ड्रमला घासून चर पडलेत. गाडी एक, पायडल एक, चालवणारा मी एकटाच, मग दोन चाकांत एवढा फरक कसा काय? आज खरं म्हणजे मला एवढंच सांगायचंय, बाकीचं ओघात येईल तसं येईल.

माझी पुण्यात धायरीला नर्सरी आहे, मी काही मेकॅनिक नाही. गाडी 2009 ची, पुढे डिस्क मागे ड्रम, रोज कुंड्या, रोपं, मातीची पोती, आठवड्यातनं दोनदा दिवे घाट चढून सासवडला जायचं आणि तोच उतरून यायचं. गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर ब्रेक लागेनात म्हणून गाडी गॅरेजला टाकली, त्यानं चारही लायनर नवीन मारून दिले, बिल घेतलं, मी खूश. दिवाळीला परत डाव्या मागच्या चाकातनं खर्रर्र आवाज. परत गेलो तर म्हणतो साहेब तुम्ही ब्रेकवर पाय ठेवून चालवता. आता मी जर पाय ठेवून चालवत असेन तर उजवीकडचं पण संपायला पाहिजे ना, का माझा पाय फक्त डाव्या चाकावर असतो? पण तिथे काही बोललो नाही, घरी आलो, आणि रविवारी पहिल्यांदा स्वतः ड्रम उघडला.

उघडायच्या आधी एक केलं ते तुम्ही पण करा, फुकट आहे. पाच-सात किलोमीटर शक्यतो ब्रेक न मारता गाडी चालवून आलो, उतरलो आणि चारही चाकांवर पाण्याचे चार-चार थेंब शिंपडले. तीन चाकांवर पाणी नुसतं ओघळलं, डाव्या मागच्या ड्रमवर चर्र झालं. म्हणजे मी ब्रेक मारत नसताना पण तिथे ब्रेक लागलेलाच होता. हात लावून बघायचं नाही हं, कातडी जाईल. मग जॅकवर घेऊन चाक हातानं फिरवलं तर जड, आणि हँडब्रेक ओढून सोडला की आणखी जड. हँडब्रेकची केबल! नर्सरीत सारखं पाणी, चिखल, त्या केबलच्या कव्हरला एका ठिकाणी चीर पडून आत गंज धरलेला, तार ओढली जायची पण परत जायची नाही. शू ड्रमला कायम चिकटलेला. त्या गॅरेजवाल्यानं लायनर बदललं, लायनर खाणारी केबल तशीच ठेवली.

म्हणून कुणी मला म्हणालं की ब्रेक संपलेत, काय टाकू, तर मी विचारतो कुठल्या चाकाचे संपलेत आणि कुठल्या बाजूनं. पुढच्या डिस्कला दोन पॅड असतात, आतला आणि बाहेरचा, आणि आतला पॅड पार संपला पण बाहेरचा तसाच असेल तर समजायचं कॅलिपरच्या, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या चिमट्याच्या, पिना सुकल्यात, कॅलिपर सरकत नाहीये. त्या पिना काढून साफ करून सिलिकॉन ग्रीस लावायचं, साधं पिवळं ग्रीस नाही, त्यानं रबर फुगतं. अख्खं चाकच गरम राहत असेल, पायडल सोडल्यावर पण ब्रेक सुटत नसेल तर ब्रेक ऑईलची रबरी नळी, होज, बघा, पंधरा वर्षांचा होज बाहेरून धडधाकट दिसतो पण आतनं फुगून भोक बंद होतं, पायाच्या जोरानं ऑईल आत ढकललं जातं पण परत यायला वाट नसते. आणि लायनर ओलं, चकचकीत असेल तर दोनच शक्यता, व्हील सिलिंडरचं (ऑईलच्या दाबानं शू ढकलतो तो) वायसर गेलंय नाहीतर अ‍ॅक्सलचं ऑईल सील. वास घेतला तरी कळतं, गिअर ऑईलचा वास लपत नाही. असलं भिजलेलं लायनर पॉलिश पेपरनं घासून, पेट्रोलनं धुवून परत लावणारे लोक मी बघितलेत. आत मुरलेलं तेल तसं निघत नाही, पहिल्याच घाटात तापल्यावर बाहेर येतं. ते टाकून द्या आणि सील आधी बदला.

ब्रेक म्हणजे शेवटी गाडीच्या वेगाची उष्णता करायचं यंत्र. अडीच टन भरलेली पिकअप ताशी 60 नं चाललीय आणि तुम्ही ती एकदा थांबवली, तर जेवढी उष्णता तयार होते तेवढ्यात साधारण लिटरभर पाणी उकळेल. हे झालं एका थांबण्याचं. आता तीच गाडी 200 मीटर उंचीचा घाट निव्वळ ब्रेकवर उतरवा, मग पंधरा लिटरच्या आसपास, म्हणजे आंघोळीची मोठी बादली. ती सगळी उष्णता त्या चार चाकांतच जाते, दुसरीकडे जायला जागाच नाही. म्हणून जुने ड्रायव्हर सांगतात ना, ज्या गिअरला घाट चढतो त्याच गिअरला उतरायचा. तेव्हा इंजिन ब्रेकचं काम करतं.

आणि पुण्यात तर हे वेगळं सांगायलाच नको. कात्रजच्या नवीन बोगद्यातनं बाहेर पडलं की नवले पुलापर्यंत सलग उतार. 2022 च्या नोव्हेंबरात तिथे एका ट्रकनं पाठोपाठ डझनावारी गाड्या ठोकल्या, आणि ड्रायव्हरनं डिझेल वाचवायला उतारावर इंजिन बंद केलं होतं असं पोलिसांनी तेव्हा सांगितलं होतं. ट्रकला हवेचे ब्रेक, हवा भरणारा कंप्रेसर इंजिनवर चालतो. आपल्या डिझेल पिकअपला हवा नाही, पायाचा जोर वाढवणारा व्हॅक्युमचा बूस्टर आहे, पण व्हॅक्युम पंप पण इंजिनवरच, बऱ्याच गाड्यांत आल्टरनेटरच्या पाठीमागे असतो. इंजिन बंद केलं की दोन-तीन दाबांपुरता व्हॅक्युम शिल्लक, मग पायडल दगड. बूस्टर चांगला आहे का हे घरीच बघता येतं, इंजिन बंद असताना चार-पाचदा दाबून पायडल कडक करा, दाबून धरा आणि स्टार्टर मारा, पायडल थोडं खाली गेलं पाहिजे. नाही गेलं तर बूस्टर, पाईप किंवा पंप यातलं काहीतरी गेलं, आणि तिथे आपण थांबायचं. गाडी मेकॅनिककडे.

आता काम करताना. गाडीखाली फक्त जॅकवर भरवसा ठेवून हात घालायचा नाही, घोडी म्हणजे लोखंडी स्टँड लावायची, घोडी नसेल तर त्या दिवशी काम नाही. विटा रचून नाही हो, वीट फुटते. जमीन सपाट पाहिजे, बाकीच्या चाकांना पुढून-मागून दगड, कारण मागचं काम करताना हँडब्रेक सोडलेला असतो, नाहीतर ड्रम निघतच नाही. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करून घ्या.

ड्रम उघडला की आत काळी पूड असते, ती फुंकायची नाही आणि पंपाच्या हवेनं पण उडवायची नाही. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅसबेस्टॉस असायचं, ते छातीत गेलं की निघत नाही. ओल्या फडक्यानं पुसायची, फडकं पिशवीत बांधून टाकायचं. एका वेळी एकच बाजू उघडा, दुसरी बाजू म्हणजे तुमचं पुस्तक, स्प्रिंग कुठे होती हे विसरलात की तिकडे जाऊन बघायचं (आरशासारखं उलटं असतं एवढं लक्षात ठेवा). मी मोबाईलवर फोटो पण काढतो, पण काळ्या हातानं तो उघडायचा म्हणजे दुसरीच पंचाईत. अ‍ॅडजस्टरचा, म्हणजे शू आणि ड्रममधली फट राखणारा, स्क्रू डाव्या-उजव्याला बदलू नका, त्यांच्या आट्या उलट्या असतात, अदलाबदल झाली की अ‍ॅडजस्टर घट्ट व्हायच्या ऐवजी सैल होत जातो. ड्रमवर आतनं जास्तीत जास्त व्यासाचा आकडा कोरलेला असतो, चर पडलेत म्हणून लेथवर कातून घेताना त्या आकड्याच्या पुढे गेला तर ड्रम भंगारात. माझा गेला.

पुढे कॅलिपर काढलात तर तो होजवर लोंबकळत सोडू नका, तारेनं स्प्रिंगला बांधा. पिस्टन मागे दाबताना वरच्या डब्यातलं ब्रेक ऑईल चढतं, सांडलं तर रंग खातं, मला फेंडरवर सापडलेला डाग आता सगळ्यांना दाखवायला उपयोगी पडतो. आणि सगळ्यात मोठा घोळ मी केला तो व्हील सिलिंडरचं किट बदलताना. नवीन रबरी वायसर स्वच्छ व्हावेत म्हणून रॉकेलमध्ये धुतले. दोन दिवसांत असे फुगले की पिस्टन अडकला. ब्रेकचं रबर रॉकेल, डिझेल, पेट्रोल, इंजिन ऑईल काहीच सहन करत नाही, धुवायचं असेल तर ताज्या ब्रेक ऑईलमध्येच. नाना पेठेत जाऊन तेच किट दुसऱ्यांदा घेतलं, दुकानदारानं ओळखलं पण हसला नाही, चांगला माणूस.

काम झाल्यावर ब्रेकच्या पाईपात शिरलेली हवा काढायला दोन माणसं लागतात. आमच्याकडे पायडलवर आमची ही, आणि खाली मी. मी म्हणणार दाब, ती दाबून म्हणणार दाबलंय, मग मी निपल, म्हणजे चाकाजवळचा हवा काढायचा स्क्रू, उघडणार, ऑईल आणि बुडबुडे पारदर्शक नळीतनं बाटलीत, निपल बंद, मग मी म्हणणार सोड. निपल बंद व्हायच्या आधी पाय सोडला की बाहेरची हवा परत आत. यात आमची दोन भांडणं झालेली आहेत, कारण मी गाडीखालून काय बोलतो ते तिला ऐकू येत नाही आणि ती सोडून देते. आता आम्ही पान्यानं चॅसीवर टकटक करतो, एक टकटक दाब, दोन टकटक सोड, संसार सुरळीत. क्रम लांबच्या चाकापासून, आपल्याकडे मास्टर सिलिंडर (पायडलनं ऑईल ढकलणारा) उजवीकडे म्हणून आधी मागचं डावं, मग मागचं उजवं, मग पुढचं डावं, शेवटी पुढचं उजवं. मागे लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह (मालाच्या वजनाप्रमाणे मागच्या ब्रेकचा दाब कमी-जास्त करणारा) असेल आणि त्याला निपल असेल तर त्याची पण हवा काढायची, ते विसरलं की पायडल स्पंजसारखं राहतं आणि माणूस उगाच मास्टर सिलिंडर बदलून बसतो. मधे मधे वरचा डबा बघायचा, तो रिकामा झाला की पहिल्यापासून.

घोडीवरून उतरवलं की गाडी लगेच हलवायची नाही. जागेवर पायडल कडक होईपर्यंत दाबायचं, पिस्टन मागे गेलेले असतात, पहिला दाब सरळ खाली जातो, त्या नादात कुणाकुणाच्या गाड्या पार्किंगच्या भिंतीत गेल्यात. मग सकाळी सहाला मोकळ्या सपाट रस्त्यावर, नवीन लायनर नीट बसावं म्हणून गाडी ताशी 40 वरून 10 पर्यंत हळूहळू आणायची, असं दहाएक वेळा, मधे थंड होऊ द्यायची. दिवे घाट त्या दिवशी नाही, आणि माल पण भरायचा नाही.

मघाशी तुमच्यातल्या एकांनी विचारलं, उघडलेला ब्रेक ऑईलचा डबा किती दिवस चालतो. मी ठेवत नाही. ते ऑईल हवेतलं पाणी ओढतं, डॉट 4 (ब्रेक ऑईलचा एक ग्रेड) नवीन असताना निदान 230 अंशांपर्यंत उकळायला नको असा नियम आहे, आणि साडेतीन-चार टक्के पाणी मुरलं की तोच आकडा 155 वर येतो. घाटात उकळलं की वाफ, वाफ दाबली जाते, पायडल खाली. म्हणून मी लहान डबा आणतो, आणि गाडीतलं सगळं ऑईल दर दोन वर्षांनी बदलतो, कितीही स्वच्छ दिसलं तरी. तुमच्या डब्याचं झाकण कधी उघडलंय ते आठवतंय का? नाही ना, मग तो वापरू नका. बरं, आता या शूजवर ज्यांना हात फिरवून बघायचाय त्यांनी पुढे या, साबण मी आणलाय.